चार चमचे सूप

रोहा,
१९ ऑगस्ट १९९६

प्रिय सारा,

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. तुझी आई, माझी मावशी, जिवंत आहे. काल रामवाडीत तुमच्या ओटीवर बसून तिनं अर्धी भाकरी खाल्ली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आता दुसरं सांगते. तुझी आई माझ्या घरात एकोणीस दिवस उपाशी होती. माझ्या घरात, माझ्या पलंगावर, माझ्या चुलीपासून दहा पावलांवर! हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा कागद फाडला. आठ दिवस झाले तरी मला ते खरं वाटत नाही. भांडी घासताना मध्येच हात थांबतो. परवा आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, नम्रता, नळ का उघडा टाकलास, तेव्हा कुठे मला पाण्याचा आवाज ऐकू आला.

जुलैत मी तुला मोठं पानभर पत्र लिहिलं होतं ना, ते फाडून टाक. आई अंगणातल्या शेवाळावर घसरली, डाव्या घोट्याजवळ हाड मोडलं, पेणला प्लास्टर घातलं, इथवर सगळं खरं. पण 'मावशी माझ्याकडे मजेत आहेत, तू तिकडे इस्रायलात अश्दोदला बसून काळजी करू नकोस, ही सेवा प्रभूनंच माझ्या पदरात टाकली आहे' हे जे पुढे लिहिलं, ते आठवलं की आता कानशिलं तापतात. मावशी यायला तयार नव्हत्या गं. माझं घर बरं हाय, पुतळी हाय ना शेजारी, असं दहादा म्हणाल्या. मी ऐकतेय होय! शाळेत तीस वर्षं पोरांना गप्प बसवलेली बाई मी. पुतळी आणि तिचा नवरा रघू उन्हाळाभर मिठागरात आणि पावसाळाभर लोकांच्या शेतात, ती काय बघणार म्हातारीकडे, असं मीच ठरवलं आणि जीप केली. वडखळच्या खड्ड्यांत मावशी कण्हत होत्या, आणि मी शेजारी बसून मनात म्हणत होते, बघ, शेजाऱ्यावर प्रीती अशी करायची असते. नुसती संडेस्कूलच्या फळ्यावर लिहून होत नाही.

आणि मग मी रांधायला घेतलं. माझा हात तुला ठाऊक नाही, कारण तू माझ्या घरी कधी जेवलीच नाहीस. ह्यावर पुढे येते. हाड जुळायला ताकद हवी म्हणून रोज कोंबडीचं सूप. पायाच्या हाडांचा रस्सा. दुधीत जवळा, वांग्यात सुकट, पडवळात कोलंबी. म्हातारीच्या पोटात चार पौष्टिक गोष्टी जाव्यात म्हणून साध्या डाळीतसुद्धा मी सुकटीची पूड टाकत होते आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश होत होते. ताट पुढे ठेवून दोघींच्या वतीनं मी मोठ्यानं प्रार्थना म्हणायची. मावशी डोळे मिटून ऐकायच्या, आमेन म्हणायच्या आणि म्हणायच्या, ठेव गो, जरा वेळानं खाते. जरा वेळानं ताट रिकामं. मी खूश! आमची मांजर तेवढ्यात केवढी सुटली, अंगावर मूठभर मांस चढलं, पण तिचं आणि खिडकीजवळच्या पलंगाचं काही नातं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मावशी केळी खायच्या, भाजलेले शेंगदाणे खायच्या, काचेच्या पेल्यातून चहा प्यायच्या. मला वाटायचं, म्हातारपणची चव, लाडानं मागतात.

अठराव्या दिवशी त्या पलंगावरून उठताना कलंडल्या. डॉक्टर घरी आले, नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, ह्यांच्या पोटात बरेच दिवस काही गेलेलं नाही, असंच चाललं तर पाय जुळायच्या आत माणूस जाईल. मला वाटलं, डॉक्टर वेडे झाले. मी त्यांना पातेली उघडून दाखवली! ते गेल्यावर मात्र मला ते खरं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुपाची वाटी घेऊन मावशींच्या पलंगाशी गुडघे टेकले. सारा, मी रडले. नाटक नव्हतं ते, खरंच हुंदके देऊन रडले. म्हटलं, मावशी, मी साराला काय तोंड दाखवू? माझ्यासाठी खा. माझ्या प्रभूसाठी खा. आणि चमचा त्यांच्या ओठांना लावला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत तुमच्या प्रार्थनेच्या भाषेतलं काही पुटपुटल्या आणि तोंड उघडलं. चार चमचे घेतले. चौथ्यानंतर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, आता रडू नको, बस झालं. तो वार कुठला होता सांगू? शनिवार. ज्या वारी शब्बाथ म्हणून तुमच्या आजोबांचा तेलाचा घाणा बंद असायचा आणि सगळं पेण तुम्हा यहुद्यांना शनवार तेली म्हणायचं, तो शनिवार. माझ्या तोंडासमोर कॅलेंडर होतं आणि मला दिसलं नाही.

रविवारी उपासना आमच्याच घरी होती. रोह्यात आमची ख्रिस्ती पाच-सहाच घरं, पाळीपाळीनं एकेकाकडे जमतो. मी उभी राहून साक्ष दिली. काय बोलले ते सगळं लिहवत नाही. थोडक्यात, प्रार्थनेनं काय होतं बघा, एकोणीस दिवस न खाणारी म्हातारी माझ्या हातून जेवली, देवाची स्तुती असो. लोकांचे डोळे पाणावले. कोणी म्हणालं, बाईंसारखी प्रीती करता आली पाहिजे. आणि अगदी त्याच घडीला दारात पुतळी उभी. कासूला गाडी तासभर अडकली म्हणून तिला उशीर झाला होता, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, डोक्यावर टोपली आणि टोपलीत फडक्यात बांधलेलं पातेलं. आत आली, कोणाकडे न बघता थेट मावशींपाशी गेली, त्यांचा दंड हातात धरून पाहिला आणि वळून मला म्हणाली, बाई, हिला खायला काय घालतंस?

मी ऐटीत सांगितलं. सूप, रस्सा, सुकट, कोलंबी. पुतळीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, गो बाई, हिचं खानं वेगलं हाय, तुला म्हाईत नाय? कोलबी नाय, कुर्ली नाय, सुकट नाय, आन त्या भांड्यातला भातबी नाय. खवलं असल तोच मासा हिला चालतो. आन कोंबरी यांचा भट, तो हजान, कापल तवाच खायाची, नायतर नाय. हजान गेला त्याला बारा वर्सं झाली, तवापासून हिनं मटनाला हात लावला नाय. मग तिनं फडकं सोडलं. आत तुमचंच पातेलं होतं, मावशींच्या घरातलं, ज्यात दुसरं काही शिजत नाही ते. जिताड्याचं कालवण, नारळाच्या रसातलं. खवल्याचा एक तुकडा पुतळीनं मुद्दाम कडेला ठेवला होता, मावशींना बघून खात्री व्हावी म्हणून. मावशी जेवल्या. बोटं चाटून जेवल्या. खोलीत सगळे उभे होते आणि माझी साक्ष अजून हवेतच होती. तेवढ्यात पुतळीनं भोळेपणानं आणखी एक सांगितलं. सहा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जो मटणाचा डबा रामवाडीला पोचवत होते, तो दर वेळी मागच्या दारानं पुतळीकडे जात होता. रस्सा झ्याक व्हतो तुजा, असं म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मला राग आला, हेही लिहिते, लपवत नाही. आधी मावशींचा आला, मग पुतळीचा, आणि मग कोणाचा आणायचा तेच कळेना. खवले आणि पंख नसलेला मासा खाऊ नये, अमुक प्राणी चालतो, तमुक चालत नाही, मोशेचे हे नियम मला पाठ आहेत गं! दर वर्षी वाचते मी, पोरांकडून घोकून घेते. पण ते मी जुन्या काळचं, वाळवंटातलं, संपलेलं म्हणून वाचत होते. ते पाळणारं माणूस पेणला लहानपणी माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होतं आणि आता माझ्या पलंगावर होतं, हे मला दिसलं नाही. मला वाटायचं, तुमचं-आमचं अर्धं शास्त्र एकच, तुम्हीही मासमच्छी खाणारे, म्हणजे तुम्ही आमच्यासारखेच. त्या रात्री मी आपलं सगळं बालपण चाळून काढलं. मी तुमच्याकडे किती वेळा जेवले असेन, मोजदाद नाही. आणि तू? आत्ताच जेवले, पोट भरलंय, दात दुखतोय. दहा वर्षं तुझा दात दुखत होता, सारा, आणि मला कधी प्रश्न पडला नाही.

पाहुणे गेल्यावर मी मावशींना विचारलं, म्हणजे जवळजवळ भांडलेच, की एकदा तोंडानं सांगितलं का नाही. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहिते. म्हणाल्या, तू आठ वर्सांची होतीस. शाळेतल्या पोरीकडे गेलीस, तिच्या आईनं तुला वरनं ओंजळीत पानी घातलं आन तू बसलेली जागा धुतली. तू रडत माझ्याकडं आलीस, माझ्या मांडीवर झोपलीस, आन म्हनालीस, मावशी, तुम्ही नाय ना असं करनार? मी म्हटलं, नाय. मग तुझ्या हातचं नको कसं म्हनू? तुला तेच वाटलं असतं. ह्या बाईनं अठ्ठेचाळीस वर्षं एका पोरीला दिलेला शब्द पाळला. उपाशी राहून पाळला. आणि मी तिला प्रीती शिकवत होते! ते चार चमचे का घेतलेत, असं विचारायचा मला धीर नव्हता, तरी विचारलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, देव विचारील तर सांगेन, पोरगी रडत होती.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना रामवाडीला पोचवलं. आता पुतळी सकाळी कामावर जायच्या आधी रांधून ठेवते आणि संध्याकाळी येऊन बघते. मी दर दोन दिवसांनी जाते, पाय चेपते, केर काढते, विहिरीचं पाणी भरते. चुलीला हात लावायचा तर पुतळीला विचारून. काल तिनं मला ओरडून सांगितलं, बाई, तो चमचा त्याला नाय! मी निमूटपणे ठेवला. आमचे हे म्हणतात, तीस वर्षांत मला जे जमलं नाही ते पुतळीनं आठ दिवसांत केलं.

आता हे पत्र का लिहितेय ते. पुढच्या महिन्यात तुमचा दारफाळणीचा सण आहे, वर्षभराच्या पापांच्या प्रायश्चित्ताचा. आदल्या संध्याकाळपासून दारं लावून, पाण्याचा थेंबही न घेता मावशी बसणार, आणि त्या दिवशी मी नाही, पुतळी नाही, कोणीच आत जायचं नाही. दर वर्षी बसतात. पण डॉक्टरांनी बजावलंय की ह्या अंगात तेवढा उपास सोसायची ताकद नाही, आणि मावशी म्हणतात, औंदा तर धरायलाच हवा, ते चार चमचे फेडायचे हायत. माझे चार चमचे, सारा! मी पाया पडले, पुतळी भांडली, काही उपयोग नाही. रडून दाखवायची तर आता माझी हिंमतच नाही. साराला कळवू नको, असंही त्यांनी मला बजावलंय. दोनदा एसटीडी बूथवर जाऊन तुला फोन लावला, तुझा आवाज ऐकला आणि सगळं ठीक आहे म्हणून ठेवून दिला, म्हणून हा कागद. त्या म्हणतात, आजारी माणसाला सूट असेल तर ती मला नम्रता कशी देणार, आपल्या हजानानं द्यायला हवी. तेव्हा पत्र मिळेल त्या दिवशी ऊठ, तुमच्या तिथल्या हजानांकडे जा, त्यांना सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग, आणि त्यांच्या हातचं, त्यांच्या सहीचं पाठव. खाली तुझ्या हातानं दोन ओळी लिही. माझ्यासाठी तिनं तोंड उघडलं ते पाप झालं असं तिला वाटतंय. तुझ्या शब्दाखातर त्या दिवशी दोन घोट पाणी घेईल.

तुझीच,
नम्रता