घरचं बोलणं

नेवासा, १२ जानेवारी १९७१

ती. स्व. गहिनीनाथकाकांना विजयमालाचा शि. सा. न.

भीतभीतच लिहिते आहे. गुरुवारी दादा गोठ्यात पडले. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, मेंदूत रक्त साकळलंय. बोलणं परत येईल, न येईल.

चौथ्या दिवशी ते बोलले आणि आम्ही जास्तच घाबरलो. तहान लागली होती, पण तोंडातून आलं, "प्रधानजी, राज्यात सर्व कुशल आहे ना?" भूक लागली तरी तेच, कूस बदलायची तरी तेच, तमाशातल्या राजाच्या खणखणीत आवाजात. साधं "पाणी" म्हणता येत नाही. भलतंच बोलतोय हे त्यांना कळतं, डोळे भरून येतात. शेजारच्या भागूबाई म्हणतात, बाहेरचं आहे, भगताकडून डागून घ्या. आईचं मन तिकडे वळतंय. वीस वर्षं वगात ते राजा आणि तुम्ही त्यांच्यासमोर सोंगाड्या होतात. हे काय असेल, काका?

तुमची पुतणी,
विजयमाला

संगमनेर, १६ जानेवारी

चि. विजयमालास काकाचा पोटभर आशीर्वाद.

पोरी, डागू देऊ नको. वहिनीला माजी आन घाल.

फडात राजाचं बोलनं निराळं, सोंगाड्याचं निराळं. तुज्या बापानं ती पुस्तकी भाषा मास्तरची छडी खात पाठ केली. ती हाडात रुतलीया. घरचं बोलनं कुनी पाठ करतं व्हय? तेच सांडलं आसंल. मला डाक्टरकी कळत न्हाई. मी फडात बी घरचंच बोललो. उद्या मी पडलो तर माज्यापाशी काय उरंल?

त्यो राजाचं बोलला की गप बसू नका, "जी महाराज" म्हना. उभ्या फडात गड्याला एकटं सोडायचं नसतं. पुढल्या रविवारी येष्टीनं येतो.

तुजा काका

नेवासा, २८ जानेवारी

ती. स्व. काकांना शि. सा. न.

तुम्ही उंबऱ्यात मुजरा करून "राज्य कुशल हाय, पन रानीसाहेबांनी भाकर करपवली" म्हणालात, तेव्हा दादा पडल्यापासून पहिल्यांदा हसले. आई आता भगताचं नाव काढत नाही.

काल दुपारी ती पेज भरवत होती. दादांनी "प्रधानजी" म्हटलं आणि थांबले. कितीतरी वेळ ओठ हलत राहिले, कपाळावर घाम आला. मग बारीक, फाटक्या, त्यांच्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, "भ्या वाटतं."

त्यांच्या तोंडून हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईनं वाटी खाली ठेवली, त्यांचा लुळा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "मला बी."

तुमची माया अशीच येष्टीनं येत राहू दे.

तुमची,
विजयमाला