हसवणारा नवरा नको

४ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वि. रागावले आहे म्हणून आशीर्वाद जरा हात आखडून दिलेत.

तुझ्या त्या निवृत्त कंडक्टरांचं मला पत्र आलं. तू माझं पाठचं भावंड, म्हणून थोरलीकडे रीतसर विचारणा! ते लिहितात की त्यांनी लग्नाचं विचारलं, तर तू दुकानाच्या आतल्या खोलीत गेलीस आणि कडी लावलीस. बिचारे पडद्यांच्या गठ्ठ्यांत दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसून राहिले. आपलं तोंड एवढं वाईट नाही, इतकी वर्षं प्रवाशांनी सहन केलं, असं त्यांचं म्हणणं.

अगं, विधुर, निर्व्यसनी, दात स्वतःचे! असा माणूस साठीत झाडाला लागतो का? आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, नकार द्यायचा तर तोंडाने द्यावा, कडीने नव्हे. कारण कळव. आणि ते पटण्यासारखं असू दे.

तुझी संतापलेली, तरी तुझीच,
ताई


११ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. पाकीट अजून गरम होतं.

माणूस वाईट नाही गं. माणूस गमतीदार आहे, हीच तर अडचण. पहिल्यांदा आले ते दोन्ही हात पसरून. खिडकीचं माप घेतलं म्हणे, टेप नव्हती, म्हणून घरापासून हात तसेच धरून आले. वाटेत पोस्टमनला वाटलं, हे आपल्यालाच मिठी मारायला येताहेत. त्याने मारली. मग माप बिघडलं, म्हणून परत घरी गेले आणि पुन्हा निघाले. हे सगळं त्यांनी हात खाली न घेता सांगितलं. मी आत पळाले आणि तोंडात अस्तराचा बोळा कोंबला.

तुला आठवतं ना, युद्धातलं ते लाँड्रीचं तळघर? वर झडती घेणाऱ्या शिपायांचे बूट वाजत होते, आपण सगळ्या ओल्या चादरींच्या ढिगामागे, आणि शेजारच्या काकूंना उचकी लागली. मला हसू फुटलं. सात वर्षांच्या पोरीला दुसरं काय फुटणार? आईने तोंड दाबलं, तू पाय धरलेस. बूट गेल्यावर आई एवढंच म्हणाली की तुझ्या हसण्याने आज सगळ्या मेलो असतो.

तेव्हापासून हसू आलं की माझा श्वासच अडकतो. हात आपोआप तोंडावर जातो, कानात बूट वाजतात. लोक मला आंबट चेहऱ्याची म्हणतात, म्हणू देत. पण रोज हसवणारा नवरा? मी आठवड्यात गुदमरून मरेन. डॉक्टरांकडे गेले होते. तरुण आहेत. म्हणाले, एवढं जुनं युद्ध, आता त्याचं काय? सकाळी चालायला जात जा.

मला कंडक्टर आवडतात, ताई. म्हणूनच नाही म्हणते.

तुझ्या मायेवर जगणारी,
धाकटी


१६ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वि. या वेळी आशीर्वाद भरभरून. राग सगळा त्या डॉक्टरकडे वळवला आहे.

चालायला जा! चौकात शिपायाचा पुतळा आहे, दरवर्षी त्याला हार घालतात. लढून आलेले पुरुष झोपेत ओरडले तर ती युद्धाची जखम. आणि तळघरात बसलेल्या बायका? त्यांचा स्वभावच भित्रा, त्यांचं वयच तसं, त्यांनी फिरून यावं! त्या डॉक्टरला चार पानी पत्र टाकलंय. शेवटी लिहिलंय की चालायला तुम्हीच जा, आणि परत येताना थोडी अक्कल घेऊन या. दुसरी एक डॉक्टरीण शोधली आहे, ती ऐकून घेते. तिच्याकडे तुला नेणार. नाही म्हणालीस तर फरफटत नेईन.

कंडक्टरांनाही लिहिलं. लग्न हवं असेल तर विनोद बंद, हातवारे बंद. विषय तीन: हवामान, तब्येत, इंजिनाचं तेल. कारण सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांगायचं, नाहीतर नाही.

तुझी,
ताई


२१ मार्च

आदरणीय ताईंस,

स. न. वि. वि. आपल्या सूचना पाठ केल्या. विनोद आतून वर येऊ लागला तर काय करावं, हे आपण लिहिलं नाहीत. सध्या मी पाणी पितो. फार पाणी होत आहे. उद्या दुकानात जाऊन पुन्हा विचारतो. कृपादृष्टी राहू द्या, ती मला लागेल.

आपला आज्ञाधारक,
कंडक्टर


२३ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. काय केलंस गं हे!

काल ते आले. कोट गळ्यापर्यंत बंद, चेहरा कुणाच्या तरी मयतीला निघाल्यासारखा. हातवारे होऊ नयेत म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. आज ढग आहेत म्हणाले. तब्येत बरी आहे म्हणाले. मग इंजिनाचं तेल कधी बदलावं हे इतक्या शोकाकुल आवाजात सांगू लागले की वाटलं, तेल वारलंच. मी दात आवळले, सुईने बोट टोचून घेतलं. तेवढ्यात त्यांनी त्याच आवाजात विचारलं की तेलाबद्दल आपलं मत काय.

ताई, मी हसले. मोठ्याने. समोरच्या दुकानातला न्हावी बाहेर आला एवढ्या मोठ्याने.

आणि मग दाराकडे बघत राहिले. काय बघता, असं त्यांनी विचारलं, तर मी सांगून टाकलं. तळघर, चादरी, उचकी, आई, सगळं. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. ते उठले, दार उघडलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांना नीट पाहिलं, जसं बस सोडताना पाहत असतील. मग आत येऊन म्हणाले की रस्ता मोकळा आहे, हसायला हरकत नाही.

एकदम बरी झाले असं समजू नकोस. आज सकाळी पुन्हा हसले आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. ते पुन्हा जाऊन पाहून आले. रोज जाईन म्हणतात, तेवढंच चालणं होईल, डॉक्टरही खूश. तुझ्या डॉक्टरिणीकडेही येईन, फरफटत नको. आणि मी त्यांना तोंडाने हो म्हटलं. तुझ्या सिस्टरना सांग.

ताई, एक सांगू? तळघरातल्या त्या दिवशी मी गप्प झाले, आणि तू जी बोलायला लागलीस ती अजून थांबली नाहीस. डॉक्टरिणीकडे दोघींची वेळ घे.

तुझी, अजून हसू न आवरलेली,
धाकटी