टाक्यांचं झाड

मंगळवार, ३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हवापाणी, प्रकृती वगैरे शेवटी लिहीन, आधी हे. तू लिहितेस की साहेबांच्या निरोप समारंभाला द्यायला ऐनवेळी काही सापडेना, म्हणून मी तुझ्या नव्या घरासाठी कापडावर भरलेलं झाड तू त्यांना देऊन टाकलंस. ते सगळ्यांना फार आवडलं, हे वाचून मला आनंद व्हावा अशी तुझी अपेक्षा दिसते.

दिवसभर मी दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासते. संध्याकाळी डोळ्यांपुढे नुसतं धुकं असतं, म्हणून भरतकाम रविवारचं, खिडकीशी बसून. ते झाड खिडकीबाहेरचंच, बघून भरायचे दिवस हेच. थंडी सरत येते, फांद्या उघड्याच असतात आणि टोकांना लालसर कोंब दिसायला लागतात. पालवी फुटली की संपलं, पुढच्या वर्षापर्यंत वाट बघा. प्रत्येक कोंबाला एक गाठीचा टाका घातला होता मी. आणि तू ते मिठाईच्या खोक्यासारखं कुणाच्या तरी हातात ठेवलंस.

मला ते परत हवं. कसं आणायचं ते तू बघ. इथे कालपासून पुन्हा गारठा आहे. मी बरी आहे.

अजून तरी तुझीच,
ताई

सोमवार, ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी तापले की काय झालं म्हणून विचारायला आलेल्या यांच्यावरच खेकसले. दिलेली भेट परत मागणारी तू पहिलीच भेटलीस. माझी झाली होती ना ती? मग कुणाला द्यायची ते मी ठरवणार. मी आजारी होते तेव्हा याच साहेबांनी माझी नोकरी सांभाळली. घरातली सगळ्यात चांगली वस्तू दिली मी त्यांना, अडगळ नाही दिली.

आणि आता विषय निघालाच आहे तर ऐक. माझ्या घरात उशांवर तू, टेबलावर तू, पडद्यांवर तू. आलेला पाहुणा आधी तुझं कौतुक करतो आणि मग मला पाणी मागतो. गेल्या वर्षीपासून मी मातीची भांडी करायला शिकतेय. तुला दोनदा लिहिलं. तू उत्तरात नव्या रेशमाच्या रंगांबद्दल पानभर लिहिलंस, भांड्यांबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा मी काही परत मागितलं नाही तुझ्याकडे.

जाते साहेबांकडे. माझी शोभा झाली तर ती तुझ्या खाती. इकडे वारा सुटलाय, घरभर धूळ आहे.

रागावलेली, पण तुझीच,
धाकटी

रविवार, १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल जाऊन आले. वाटेत गोड बोलायचं सगळं पाठ केलं होतं, त्यातलं काही लागलं नाही. दारातून आत गेल्याबरोबर चपलांचं कपाट, त्यावर तुझं झाड पसरलेलं आणि झाडावर एक ओली कुंडी.

मी कुंडी उचलून खाली ठेवली आणि कापड घडी करायला घेतलं. साहेब म्हणाले, कापडच तर आहे, हवं तर घेऊन जा. एवढ्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. काल म्हटलं की हे कापड नाही, माझ्या ताईचे डोळे आहेत. त्यांच्या बायकोने पिशवी आणून दिली आणि हळूच माफी मागितली. त्यांनी नाही मागितली. बसमध्ये बसले तरी माझा संताप उतरला नव्हता.

खोडावर कुंडीचा तपकिरी गोल डाग पडलाय. धुतला तर रंग फुटेल अशी भीती वाटते. तू कशाने पेटली होतीस ते मला आता कळलं, ताई. पण मी मागच्या पत्रात लिहिलं त्यातलं काहीही मी मागे घेत नाही.

उत्तराची वाट बघणारी,
धाकटी

गुरुवार, १९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

डागाला हात लावू नकोस, साबण तर मुळीच नको. शनिवारी मी येते आहे. दुकानात रजा मागितली तर मालक कुरकुरले. सध्या माझं डोकं असं आहे की त्यांनी दुसऱ्यांदा कुरकुरायचं धाडस केलं नाही.

डाग नंतर बघू. आधी तुझी भांडी मांडून ठेव, सगळी, वाकडी झालेलीसुद्धा. लपवलेलं मला कळतं. वाईट असतील तर वाईट म्हणेन, तोंडदेखलं कौतुक माझ्याने होणार नाही. आवडलं तर एक मागून नेईन आणि कुणालाही देणार नाही.

राग गेलेला नाही. तुझाही गेला नसेल, तेव्हा जेवायच्या आधीच काय ते भांडून घेऊ. स्टँडवर घ्यायला ये. मी बोलले नाही तरी हातातली पिशवी घे.

लोभ कमी करायचा बराच प्रयत्न केला, जमला नाही.

तुझी,
ताई