गळायला हवा होता तो जोड

खंडेनवमीचा आदला दिवस, उचगाव

आबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. माफी तेवढ्यापुरतीच आहे. हे पत्र माया दाटून आली म्हणून लिहीत नाही. रोजनिशी मी नेमाने लिहिते, पण तिच्यात तुमच्याबद्दल लिहायला बसलं की "ते असं म्हणाले", "त्यांनी असं केलं" अशी वाक्यं येतात आणि राग भलत्याच कुणाला तरी सांगितल्यासारखा होतो. आज मला समोर तुम्हीच हवे आहात.

मी काय काम करते ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. फाउंड्रीवाल्यांसाठी त्यांच्या मालाची हलती चित्रं करते. पडद्यावर पंप उघडतो, आतला पंखा फिरतो, पाणी कुठून येतं, कुठं जातं ते गिऱ्हाइकाला दिसतं. असं एक चित्र पुरं व्हायला कॉम्प्युटर रात्रंदिवस राबतो आणि तापतो. यंदाच्या उन्हाळ्यात तो तापून मध्येच बंद पडायला लागला. पंखे बदलले, खोका उघडा ठेवला, टेबलफॅन लावला. शेवटी ठरवलं की त्याला पाण्यावर न्यायचं. तुमच्या भाषेत सांगायचं तर, हवेवर थंड होणारं इंजिन काढून पाण्यावर थंड होणारं करायचं. आत दोन ठिकाणी उष्णता तयार होते. त्या दोन्ही ठिकाणी तांब्याचे पोकळ ठोकळे बसवायचे, त्यांतून पाणी खेळवायचं, ते रेडिएटरमध्ये नेऊन गार करायचं आणि पंपाने पुन्हा आत ढकलायचं. तयार संच मिळतात, पण मला एकेक भाग निवडून स्वतः जोडायचा आहे. अशी जोडणी मी आजवर कधी केलेली नाही.

गेले कित्येक दिवस मी आलेखाच्या कागदावर नुसती आखणीच करते आहे. पंप पाण्याच्या टाकीच्या खाली हवा, नाहीतर तो कोरडा फिरून जळेल. नळी कडक काचेसारखी घ्यायची की मऊ? मऊच, कारण कडक नळी वाकवताना माझ्या हातून चूक होईल आणि ती कायम डोळ्यांसमोर राहील. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात नको, एक दुसऱ्याला खातं. सगळं जोडून झालं की कॉम्प्युटर चालू न करता फक्त पंप चालवायचा आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून दिवसभर पाहत बसायचं. एक थेंब मदरबोर्डवर पडला तर माझी रोजीरोटी गेली. म्हणून मी दहा वेळा विचार करते, खोडते, पुन्हा काढते. पण रेडिएटरच्या जागी मी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते एकदाही खोडलं नाही. तिथे लिहिलं होतं, "आबांचा".

आपल्या रेडिएटरच्या दुकानातल्या देवांच्या फोटोंशेजारी टांगलेला, दोन वह्या शेजारीशेजारी ठेवल्या तर होईल एवढा, तांब्या-पितळेचा. तुम्ही बनवलेला पहिला. येईल त्या गिऱ्हाइकाला तुम्ही तो काढून दाखवायचात, थेंब गळत नाही म्हणायचात आणि फडक्याने पुसून परत टांगायचात. तुमच्या माघारी भाऊ त्याला दर अमावास्येला हार घालतो. मला तो हार काढायचा होता. त्याच्यावर ड्रिल मारून पंखे बसवायचे होते. माझ्या टेबलाखाली, पायांशी, तो माझ्या यंत्राची उष्णता ओढत पडलेला मला बघायचा होता. नवा चांगला रेडिएटर सहज मिळाला असता आणि तो अधिक बरा चालला असता, हे मला पहिल्यापासून कळत होतं. माझ्या आखणीतली ही एकच गोष्ट कामासाठी नव्हती.

का, ते तुम्हाला आठवत नसेल. मी दहावीत होते. त्या मे महिन्यात मी रोज दुकानात येऊन रेडिएटरच्या नळ्यांमधून तार फिरवून गाळ काढायची, आणि तुम्ही नको म्हणत नव्हतात, कारण ते काम कुणालाच नको असायचं. बारा-तेराचा एक पाना माझा म्हणून ठरून गेला होता. खंडेनवमीला आपल्या दुकानात रीत होती की जो काम करतो त्याने आपलं हत्यार आपल्या हाताने पाटावर मांडायचं. मी पाना रॉकेलने घासून लखलखीत केला आणि मिस्त्रीच्या हातोडीशेजारी ठेवला. तुम्ही हळदीकुंकवाची वाटी घेऊन ओळीने येताय. माझ्या पान्यापाशी थांबताय. दोन बोटांनी तो उचलून विचारताय, "ह्यो कुणी ठेवला?" मी म्हणते, मी. तुम्ही तो खालच्या खोक्यात टाकता, आवाज होतो.

"तुझं हत्यार घरात हाय. सांडशी पूज जा."

सगळे हसले. मिस्त्री हसला, चहावाला हसला. भाऊ तेव्हा दुसरीत होता. त्याच्या स्क्रूड्रायव्हरला तुम्ही कुंकू लावलंत, आणि त्या स्क्रूड्रायव्हरने त्याने तोवर फक्त माझ्या कंपासपेटीची बिजागरी तोडली होती. पुढे मी मेकॅनिकलचा डिप्लोमा मागितला तेव्हा तुम्ही म्हणालात, बी.ए. कर, बस घरापासनं सुटती. पण ते मला एवढं लागलं नाही. ते सगळ्याच मुलींचे बाप म्हणायचे. पान्याचा तो खोक्यात पडल्याचा आवाज मात्र फक्त माझा होता.

रेडिएटर मागायला मी मागच्या आठवड्यात दुकानात गेले. भाऊ म्हणाला, "आक्का, देवाजवळची वस्तू हाय ती. पैशे देतो, नवीन घे की." मी म्हटलं, मला नवीन नको. मग स्टुलावर चढून त्याने तो काढला. हार मात्र काढून खिळ्यावरच ठेवला. खंडेनवमीला परत आणून दाखव म्हणाला, पूजेपुरता. मी हो म्हटलं, कारण माझ्या मनात तेच होतं. सगळे जमलेले असताना माझं यंत्र पाटाशेजारी चालू करायचं, तुमच्या फोटोसमोर. तुमचा पहिला रेडिएटर माझ्या यंत्राची चाकरी करताना सगळ्यांनी पाहायचा.

काल तो आतून धुतला. व्हिनेगर घालून ठेवला, मग गरम पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, पाणी नितळ येईपर्यंत. आज सकाळी अंगणात कपड्यांच्या टबात बुडवला, एक तोंड बुचाने बंद केलं, दुसऱ्याला नळी लावून सायकलच्या पंपाने हवा भरली. गळती असली तर तिथून बुडबुडे येतात, हे मी तुमच्याच दुकानात शिकले. आणि आले. रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या उजव्या कोपऱ्यातून आधी एक, मग सुटलेल्या मण्यांसारखी रांग. आबा, मला झालेला आनंद मी इथे लिहून ठेवते, कारण उद्या मी तो नाकबूल करेन. मी मोठ्याने हसले. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि भावाला पाठवला. खाली लिहिलं, आबांचा जोड गळतोय.

त्याचा लगेच फोन आला. "आबांचा जोड हाय त्यो. त्यो गळत नसतोय. तूच कायतरी ढिलं ठेवलं असशील." मी म्हटलं, बुडबुडे माझ्या बुचातून येत नाहीत, नीट बघ. उद्या दुकानात टब घेऊन येते, सगळ्यांसमोर बुडवू. तो म्हणाला, "मेलेल्या माणसाशी कसली शर्यत लावतीयास?" मी फोन ठेवला.

आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने विचारलं, "खालच्या टाकीला हाय का? उजव्या कोपऱ्याला?" टब तिच्यापासून लांब होता आणि तिला आता लांबचं दिसत नाही. मी म्हटलं, तुला कसं कळलं?

"तितं डाख नीट बसलाच न्हवता. शेगडी इझत आलती, मी तसाच वडला. माझ्याच हातनं ऱ्हायलं ते."

मग एकेक विचारून मी तिच्याकडून काढून घेतलं. डाख देताना, म्हणजे कथलाने सांधा जोडताना, तुमचा हात थरथरायचा, अगदी पहिल्यापासून. वितळलेलं कथील सांध्यात पसरायच्या आत गोळा होऊन बसायचं. मग बारीक जोडाचं काम तुम्ही दुपारी टोपलीत झाकून घरी आणायचात, आम्ही शाळेत गेलेलो असताना, आणि ती स्वयंपाकघरातल्या शेगडीवर सळई तापवून जोड द्यायची. हा पहिला, आणि त्याच्यानंतरचेही, तिची नजर अधू होईपर्यंत. गरम टाकी कशात धरायचीस, मी विचारलं. "सांडशीत की. दुसरं काय हुतं?" मग कुणाला सांगितलं का नाहीस, म्हटलं तर ती म्हणाली, "कुणाला सांगू? बाईनं डाख दिलेलं गिऱ्हाईक घिऊन गेलं असतं व्हय?"

तिला तुमचा राग नाही. असला तर तो तिने मला दाखवला नाही. म्हणून तिच्या वाटचाही मीच धरते. सांडशी पूज जा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा ती सांडशी काय करते हे त्या दुकानात फक्त तुम्हाला माहीत होतं. मी दुपारभर हे उलटसुलट करून पाहिलं. तुम्ही भ्यायला असाल का? घरातल्या एका बाईचं हत्यार पाटावर आलं तर दुसरीचंही आणावं लागेल म्हणून? तसं असेल तर ते समजून घ्यायला हवं, असं मला वाटायला लागलं आणि लगेच मी स्वतःवरच चिडले. तुम्ही भिऊन केलंत की माजून, पाना त्याच खोक्यात पडला. आणि तिने भाजून घेतलेल्या बोटांवर तुम्ही जन्मभर स्वतःचं नाव सांगितलंत. सकाळी माझ्याकडे फक्त एक गळका जोड होता. आता उद्या सगळ्यांसमोर ठेवायला त्याच्याहून धारदार गोष्ट माझ्या हातात आहे, आणि ती वापरायची मला इतकी इच्छा आहे की जेवण गेलं नाही.

आई म्हणाली, "उद्या तितं काय बोलू नगंस." मी म्हटलं, का नको? ती म्हणाली, "लोकं त्यांच्याबद्दल बोलत बसतील. माझा जोड गळका ऱ्हाईल तसाच." मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून तिने मला रेडिएटर आणायला लावला, मांडीवर घेतला आणि तो कोपरा अंगठ्याने चाचपत राहिली. डाखाची कांडी अजून मिळती का, असं विचारलं. मी म्हटलं, मिळते, पण तुला दिसणार कसं? तर म्हणाली, "तू सांडशीनं धर आनि मला सांग कुठवर ग्येला." त्यानंतर जोड कसा बिघडला असेल यावर ती स्वतःशीच बोलत राहिली. शेगडीत कोळसा घालायला हवा होता, म्हणाली, घाई झाली. अजूनही ओसरीवर तेच पुटपुटते आहे.

हे पत्र कुठेच जाणार नाही, तेव्हा हे फक्त तुम्हालाच सांगते. पहिल्यांदा हवा भरली तेव्हा एकही बुडबुडा आला नव्हता. माझ्या पाण्याला लागेल त्याच्या दुप्पट दाब होता आणि जोड धरून होता. मी थांबले नाही. गळायला हवा होता तो, म्हणून पंपावर अंगाचा भार टाकून भरत राहिले, तो सुटेपर्यंत. आई तिकडे शेगडीला दोष देते आहे आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही.

उद्या: दुकानं पूजेसाठी बंद व्हायच्या आत डाखाची कांडी आणणे.