पितळी पाटीवरचं आडनाव

ट्युलेरी,
मंगळवार, ३ मे १९८८, सकाळचे पावणेसात
(दुकान उघडायला वेळ आहे. कोरणीची टोकं पुसत बसलो होतो, ती बाजूला ठेवून लिहितो आहे.)

ती. फिलोमेनाताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो, पण नाचाला बोलावलं तर दुखत नाही. बाबांनी गोठ्यातलं काम सोडून महिना झाला, तरी पहाटे तीनला उठून अंगणात खुर्ची टाकून बसतात. आई म्हणते, गाई सुटल्या, नवरा काही सुटला नाही.

कॉलेजला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिथून शिकून पुढे नाव काढलेल्या बारा जणांच्या पाट्या ग्रंथालयाच्या भिंतीवर लागणार आणि त्यात तू आहेस, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून बाबांचे पाय जमिनीवर नाहीत. चोवीस तारखेच्या रविवारी सणाच्या जेवणात रस्सा-पाव वाढता वाढता त्यांनी आपल्या साऱ्या पोर्तुगीज मंडळाला सांगून टाकलं की चार जूनला तोश्त हे आडनाव भिंतीवर लागणार. शेजारचे बेल्मीरोकाका म्हणाले, भिंतीवर नाव लागायला आधी मरावं लागतं, अमांसियो. बाबा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जाऊन समारंभाचं आमंत्रण देऊन आले. सूटसुद्धा घेतला आहे. लग्नानंतरचा पहिलाच.

आता मुख्य गोष्ट. त्या पाट्यांचं काम आमच्याच दुकानात आलं आहे. बेद्रोसियनसाहेबांनी यादी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, तुझ्याइतका स्पेलिंगला घाबरणारा माणूस माझ्याकडे दुसरा नाही, तूच कोर. यादीत एक न्यायाधीश आहेत, एक वैमानिक, एक पाण्याच्या पंपांच्या कारखान्याचे मालक. सातव्या क्रमांकावर तुझा फोटो, नर्सिंग, १९७६, सॅन फ्रान्सिस्कोतल्या इस्पितळाची मुख्य परिचारिका. सगळं तुझंच. पण नाव लिहिलं आहे फिलिस टेट.

मी ते तीनदा वाचलं. कॉलेजची चूक असेल तर त्यांना तसं कळवतो. तू लग्न केलं असशील तर आईला कळव, मला नको, कारण मला ते पोटात ठेवता येणार नाही. पण काहीतरी कळव. बाबांना वाचता येत नाही हे खरं, पण आपलं आडनाव त्यांना ओळखू येतं. पगाराच्या पाकिटावर तेवढंच तर ते बघायचे.

उत्तराची वाट पाहतो. तुझी माया असू दे.

तुझा धाकटा,
लीनो


सॅन फ्रान्सिस्को,
९ मे १९८८

चि. लीनो यास,
अ. उ. आ.

लग्न केलेलं नाही. आईला सांग, उगाच लग्नाच्या चादरी भरायला काढू नकोस.

चूक कॉलेजची नाही. नाव माझंच आहे आणि कायद्याने आहे. तुला सांगायला हवं होतं. दर नाताळला ठरवायचे आणि राहून जायचं.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला वॉर्डात पाठवलं तेव्हा छातीवर आडनावाची पट्टी असायची. टी-ओ-एस-टी-ई. इथले इंग्रजी बोलणारे लोक ते काय वाचणार? टोस्ट. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने विचारलं, मिस टोस्ट, लोणी कुठाय? पुढे सगळा वॉर्ड म्हणायला लागला. वरिष्ठ बाई हसू दाबत हाक मारायच्या. मी वीस वर्षांची होते, लीनो, आणि अंगाला गोठ्याचा वास येतो अशी भीती मला आधीच असायची. परीक्षा झाल्यावर कोर्टात जाऊन नाव बदललं. परवाना, पुढच्या पदव्या, ही नोकरी, सगळं त्याच नावावर आहे.

तेव्हा यादीत आहे तसंच कोर. आणि घरी काही बोलू नकोस. मी गुरुवारीच, म्हणजे दोन जूनलाच येते आणि बाबांना समोर बसवून स्वतः सांगते. एवढं काय, दोन्ही नावं टीने सुरू होतात आणि ईने संपतात. चष्मा घरी विसरले तर त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

तू पुन्हा कॉलेजात नाव घालणार होतास त्याचं काय झालं? एका सत्रात घाबरून पळालास ते पळालास. निबंध कुणाला खात नाही.

आई-बाबांना नमस्कार. तुझ्यावर जीव आहे, तो असाच राहील.

तुझी ताई


ट्युलेरी,
१४ मे १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. टोस्टचं वाचून हसू आलं आणि मग नाही आलं. शाळेत मलाही तेच म्हणायचे. मला वाटायचं, माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलं.

निबंधाचं म्हणशील तर नाव घालायचा अर्ज खिशात घेऊन फिरतो. खिसा फाटत आला आहे.

बाबांच्या चष्म्याची थट्टा करू नकोस. दोनशे गाईंतून नेमकी आजारी कुठली हे ते फाटकातून सांगायचे. आपलं आडनाव ते तसंच ओळखतात, अक्षरं जोडून नाही. नुसतं तोंड आणि शेपूट सारखं असून त्यांना चालणार नाही.

मी एक मार्ग काढला आहे. पाटी मापून पाहिली. तुझ्या नावाखाली लहान अक्षरांत, कंसात, फिलोमेना तोश्त असं नीट बसतं. ओळ वाकडी दिसत नाही. साहेबांना नमुना दाखवला, तोच सोबत पाठवतो आहे. ते म्हणाले, बिघडत काहीच नाही, पण तिने कॉलेजला दोन ओळी लिहायला हव्यात. वीस तारखेपर्यंत लिही. एवढं केलंस तर गुरुवारी बाबांना सांगणंही सोपं जाईल. शनिवारी भिंतीवर बोट ठेवून दाखवता येईल.

आई तुझ्यासाठी गोड पाव करणार आहे. बेल्मीरोकाका, त्यांची बायको आणि त्यांचा मेहुणा, सगळे येणार आहेत. बाबांनी त्यांना सांगून ठेवलंय की नाव मी दाखवीन, तुम्ही मध्ये बोट घालायचं नाही.

लिहिशील ना? तुझ्या शब्दाची वाट पाहतो.

लीनो


सॅन फ्रान्सिस्को,
१९ मे १९८८

चि. लीनो यास,
अ. उ. आ.

तुझा नमुना पाहिला. अक्षरं फार देखणी काढतोस.

पण कंस नको. आमच्या इस्पितळाचे संचालक त्या दिवशी मुद्दाम गाडी करून येणार आहेत. कंसातलं दुसरं नाव पोलिसांच्या पत्रकात असतं, चोराचं. मग प्रश्न येतात, आणि मी बारा वर्षं प्रश्न येऊ नयेत म्हणूनच वागले आहे. बाबांना मी सांगेन म्हटलं ना? गुरुवारी येते. तू फक्त तोवर गप्प राहा. तेवढं माझ्यासाठी कर.

रागावू नकोस. माया कमी करू नकोस.

तुझी ताई


ट्युलेरी,
मंगळवार, ७ जून १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोहोचलीस हे आईला फोनवर कळलं. त्या फोनवर मी आलो नाही, कारण मला जे सांगायचं ते बाबांच्या देखत सांगता आलं नसतं.

गुरुवारी इस्पितळात माणसं कमी पडली म्हणून तुला येता आलं नाही, हे मला कळतं. शुक्रवारीही नाही. मी दोन्ही रात्री जेवताना बाबांच्या समोर बसलो होतो. तू गप्प राहा असं लिहिलं होतंस म्हणून बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

शनिवारी तू थेट समारंभालाच आलीस, तिथे पाहिलंस ते पुन्हा लिहीत नाही. पण तू खाली बघत होतीस, म्हणून थोडं लिहितो. बाबांना तुझा फोटो लगेच सापडला. त्यांनी फोटोखाली बोट ठेवलं आणि ते डावीकडून उजवीकडे नेलं, मग परत. मग मागे वळून सगळ्यांच्या देखत मला झापलं. म्हणाले, आयुष्यभर स्पेलिंग स्पेलिंग करतोस आणि बहिणीचं नाव चुकवलंस गाढवा? बेल्मीरोकाका म्हणाले, मुलगा बिचारा घाबरला असेल, सोड. तू सांगशील असं मला वाटलं. तू तीन पावलांवर होतीस.

तेवढ्यात कॉलेजचे अध्यक्ष हात पुढे करून आले आणि बाबांना म्हणाले, तुम्हीच मिस्टर टेट ना? अशी मुलगी घडवलीत, अभिनंदन.

बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. तेव्हा तू संचालकांच्या बाजूला उभी होतीस आणि तुझी मान खाली होती. मग त्यांनी टोपी काढली, अध्यक्षांचा हात हातात घेतला आणि त्यांना येतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाले, हो, टेट. अमांसियो टेट. बेल्मीरोकाकांनी तोंड उघडलं तर बाबांनी त्यांचा पाय आपल्या नव्या बुटाने दाबला. मी पाहिलं.

तू तिथूनच परत गेलीस. घरी आल्यावर ते मला म्हणाले, गाढव म्हणालो ते मनात ठेवू नकोस, पोरा, तुझी अक्षरं सरळ होती.

तुझा त्यांना राग आलेला नाही, ताई. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणतात, पोरीला इतकी वर्षं त्या नावाने त्रास झाला आणि मला ठाऊकच नव्हतं. टोस्टचं मी त्यांना शनिवारी रात्री सांगितलं. आता लपवण्यासारखं राहिलं काय?

साहेब म्हणतात, पाटी केव्हाही बदलून देईन, पैसे नकोत. कॉलेजला दोन ओळी मात्र तुलाच लिहाव्या लागतील. यासाठी मी आता तुझ्या मागे लागणार नाही.

पण एक गोष्ट अशी झाली आहे की ती मला एकट्याला पेलत नाही. रविवारपासून बाबा जेवण झालं की माझ्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवतात. म्हणतात, ते टेट कसं लिहितात ते एकदा काढून दाखव. पुन्हा कधी तिच्या इस्पितळात जायची वेळ आली आणि दाराशी सही करायला सांगितली, तर माझ्यामुळे तिची पंचाईत नको.

मी दोन दिवस काही ना काही सांगून टाळलं. काल ते म्हणाले, तुझ्याकडून होत नसेल तर बेल्मीरोच्या नातवाकडून शिकतो.

ते नाव मी पितळेवर कोरलं. पण त्यांच्या कागदावर ते मला काढता येत नाही. तू ये आणि तूच शिकव. नाहीतर ये आणि शिकायची गरज नाही असं त्यांना सांग. दोन्हींपैकी काय करायचं ते तुझं तू ठरव. पण ये.

आई बरी आहे. तुझ्यासाठीचा गोड पाव तसाच राहिला होता, तो काकांकडे दिला.

तुझा धाकटा,
लीनो