ड्रायव्हरास उंबऱ्याच्या आत प्रवेश नसावा

मी, खाली सही करणारा, बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचा निवृत्त गार्ड, वय वर्षे एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास मजकुरातील ऱ्हस्वदीर्घ तपासावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. "जेवायला येताय, की मृत्युपत्रावरच भागवताय?" असे पत्नीने मघाशी विचारले, त्यास दबाव समजू नये.

कलम १. राहते घर स्वकष्टार्जित असून ते माझ्या पश्चात पत्नीस तहहयात व तिच्यानंतर कन्येस मिळावे. घर मी मुद्दाम वळणालगत बांधले. तेथे गाडीचा वेग मंदावत असे, त्यामुळे नोकरीवर असतानाही मला घरावरून जाता येई. रूळ उखडून नेल्यावर त्या जागी पायवाट झाली. आता तेथे लोक पोट कमी करण्यासाठी चालतात.

कलम २. बँकेतील ठेव पत्नीची. तिच्याविषयी, म्हणजे ठेवीविषयी, अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

कलम ३. शब्दकोश व व्याकरणाची सर्व पुस्तके जावयांस द्यावीत. लग्नापूर्वी त्यांनी माझ्या कन्येस लिहिलेली पत्रे मी वाचली नाहीत. पाकिटावरचा पत्ता तेवढा वाचला. तो पुरेसा होता.

कलम ४. गार्डची पितळी शिट्टी कन्येस. ती लहान असताना मी तिला एकदा माझ्या डब्यात बसवले होते. खिडकीशी पेटी ठेवली, पेटीवर उशी ठेवली. पहिल्याच स्थानकावर ती म्हणाली, "बाबा, मी पुढे जाते. इथे काहीच होत नाही." उरलेला प्रवास तिने इंजिनात, ड्रायव्हरच्या कडेवर केला. आजही रेल्वे म्हटली की तिला कोळशाचा वास, इंजिनाच्या शिट्टीची दोरी आणि 'ड्रायव्हरकाका' एवढेच आठवते. गार्डने शिट्टी वाजवून हिरवा बावटा दाखवल्याखेरीज इंजिनास तसूभरही हलता येत नसे, हे तिला माझ्या मागे तरी कळावे.

कलम ५. आता सदर ड्रायव्हर.

सारे गाव हात हलवीत असे ते इंजिनाला. मुले धावत ती इंजिनाबरोबर, आणि माझा डबा येईतो धापा टाकीत माघारी वळलेली असत. माझ्या वाट्याला धूर आणि पाठमोरी माणसे. माझी पत्नी मागच्या दाराशी येई. तिला पाहून हा गृहस्थ नियमात न बसणाऱ्या दोन आखूड शिट्ट्या देई, ती हसून हात हलवी, आणि माझा डबा दारासमोर येईपर्यंत ओले हात पदराला पुसत आत गेलेली असे.

गाडी बंद झाली, पण हा इसम बंद झाला नाही. त्याची बायको लवकर वारली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो आमच्याकडे चहाला येतो. "वहिनी, तो चढ आठवतो? चाकं घसरायची, फायरमन रुळावर वाळू टाकायचा, अन् म्हाताऱ्या बायका चालत गाडीच्या पुढे जायच्या!" पत्नी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. तीच गोष्ट मी अधिक बिनचूक सांगतो, तर म्हणते, "हो, सांगितलंत मागे."

सबब, माझ्या पश्चात सदर इसमास या घराच्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नसावा. माझ्या आरामखुर्चीत तो बसू नये. ती मऊ आहे का, हे त्याने दोनदा दाबून पाहिले आहे.

कलम ६. वरील कलम काल लिहिले. आज मागच्या खोलीत शाई भरीत असता बाहेरच्या खोलीतले पुढील संभाषण ऐकू आले. मी कान देत नव्हतो. दार उघडे होते.

ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, हसू नका, पण मला ह्याच्या डब्याचा हेवा वाटायचा."

"त्या खोक्याचा? अगंबाई!"

"मी शिट्टी दिली, तुम्ही हात केला, की संपलं. पुढे नुसते रूळ. वळणावर ह्याचा बावटा बघायला मागे वळायचो, तर हा दारातून अर्धा बाहेर. घर दिसेनासं होईपर्यंत."

"पण तोवर मी आत गेलेली असायचे!"

"तेच तर. तुम्ही आत, दार बंद, आणि हा त्या बंद दाराकडे बघतोय. बावटा खाली लोंबतोय. मीच आपला समजून घ्यायचो, की सगळं ठीक आहे. माझी होती तेव्हा तिच्याकडेही मला कधी असं बघता आलं नाही, वहिनी."

पत्नी हसली नाही. मग चहा गरम करते म्हणून स्वयंपाकघरात गेली. चहा तर नुकताच ओतला होता.

सबब कलम ५ रद्द. ड्रायव्हरने माझ्या मागे रोज संध्याकाळी यावे. ती गाडी आठवणारी या घरात दोनच माणसे तेव्हा उरतील, आणि एकटीने आठवण्यासारखी ती गाडी नव्हती. पत्नीस त्याने हसवावे. मात्र चढावर वाळू फायरमन नव्हे, मी टाकीत असे, एवढी दुरुस्ती करून हसवावे. खुर्चीविषयी पत्नीने ठरवावे. माझा हिरवा बावटा त्यास द्यावा.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितल्यावरून मी काल मुद्दाम त्याचेच नाव खाली घातले होते. तो नवा सदरा घालून सही करण्यास आला आहे. त्यास कारण न सांगता परत पाठवावे लागेल.

स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ मार्च २०१५
(सही) निवृत्त गार्ड

साक्षीदार :
१. चौकातील चष्मेवाले (सही)
२. निवृत्त इंजिन ड्रायव्हर — नाव खोडले; हे लाभार्थी आहेत. त्यांच्याऐवजी शेजारचे शिंपी (सही)

संपूर्ण मजकुरातील ही एकमेव खाडाखोड माझीच असून ती बरोबर आहे.