दावं कुणी सोडलं

मळा, इस्लामपूर
ता. ११ फेब्रुवारी १९४४

चिरंजीव हंबीररावास तुझ्या आईचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पलटणीतलं पत्र सोमवारी पोचलं. इकडं सगळी खुशाल. हरभरा काढला. सूनबाईचा खोकला गेला. माझं अक्षर अजून तसंच, तुझ्या पाटीवर तुझ्याबरोबर गिरवलेलं. सांभाळून वाच.

कपिलीच्या वासराचं विचारलंस. ते विहिरीत पडून मेलं.

त्या आठवड्यात खतासाठी आपल्या रानात बिराप्पा धनगराची मेंढरं बसवली होती. त्याची आठ वर्षांची धोंडी तुझ्या विजयमालेबरोबर खेळायची. वासरू वर काढलं तेव्हा मी विजयाला विचारलं, "दावं कुणी सोडलं?" ती म्हणाली, "धोंडीनं." सहा वर्षांचं लेकरू, डोळ्यांत पाणी. मी पुढं एक शब्द विचारला नाही.

तुझे लालासाहेब काका म्हणाले, "धनगराची पोर हाय न्हवं? उचलू दे भंडारा, घेऊ दे आण. खरं-खोटं आत्ता कळंल." देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी मीच आणून पुढं धरली. धोंडीनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"मला चालत न्हाई."

"खरं बोलायला चालत न्हाई व्हय गं?" काका हसले. मग सगळ्यांनाच पटलं. मी तिला रागावले.

दिवस मावळताना बिराप्पा मेंढरं घेऊन आला. म्हणाला, "आवं आक्का, माझी आई गेल्याचा सांगावा कालच आलाय. आमी सुतकात हाय. पोर भंडाऱ्याला शिवंल कशी?" एवढंच बोलला. मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळली आणि तळ हलवला.

चौथ्या दिवशी विजया भरल्या ताटावरून उठली. "आज्जी, दावं मीच सोडलं. मला त्याला पाणी पाजायचं व्हतं."

सूनबाई लाटणं घेऊन धावली. मी आडवी आले. आज मार बसला तर ही पुन्हा कधी खरं सांगायची नाही, म्हटलं. विजयाचा हात धरला. लालासाहेब वाटेत उभे. "धनगराच्या दारात नाक घासाय चाललाय काय वैनी?"

"त्यांना दार कुठलं भावजी," म्हणाले, आणि निघाले.

दोन कोसांवर तळ सापडला. धोंडी कोकराला दूध पाजत बसली होती. विजया तिच्या शेजारी जाऊन म्हणाली, "दावं मी सोडलं व्हतं. तुझं नाव खोटंच घेतलं." धोंडीनं मान वळवली नाही. मला वाटलं, रागात असेल.

बिराप्पा हळू म्हणाला, "त्या अंगानं तिला ऐकू येत न्हाई. बाळे, ह्या बाजूनं ये."

विजया फिरून उजवीकडं आली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा बोलली. धोंडी म्हणाली, "बरं." कोकरू पीतच होतं.

कधीपासून ऐकू येत नाही, ते मी विचारलं नाही.

येताना बांधावर विजया थांबली. "आज्जी, मी सांगितलं. तू का न्हाई काय बोललीस?"

हंबीरा, वर 'रागावले' लिहिलंय ते खोटं आहे. मी धोंडीच्या डाव्या कानशिलात मारली. जोरात. ती वैरणीच्या ढिगावर पडली आणि रडलीसुद्धा नाही.

उद्या पुन्हा निघणार आहे. बिराप्पानं सोडलं तर तिला मिरजेच्या दवाखान्यात नेईन. कान परत येईल असं वाटत नाही. पण आधी तिच्या उजव्या बाजूला बसून माझं मी सांगणार आहे, विजयाच्या देखत.

तो शब्द खोडला नाही. तुझ्या आईनं काय लिहिलं होतं, ते तुला दिसू दे.

तुझी,
तोंड दाखवायला निघालेली आई,
शालूबाई